बर्फाच्या चित्रातली आशा: उजाड हिवाळी निसर्गचित्र कसे पाहावे

राखाडी आकाश, पांढरी जमीन, निष्पर्ण झाडे आणि कोपऱ्यात एखादी वाकलेली आकृती, असे निसर्गचित्र समोर आले की बहुतेक जण काही सेकंदांत नजर काढून घेतात. त्यात पाहण्यासारखे काही नाही असे वाटते, किंवा जे आहे ते पाहवत नाही. कोकणातल्या माणसाची तर आणखी एक अडचण असते. बर्फ आपण पडद्यावर किंवा सहलीच्या छायाचित्रांत पाहिलेला असतो, आणि तोही मौजेचा. तरीही अशा चित्रासमोर नीट बसले तर त्यातून खरा धीर मिळतो, असा माझा ठाम अनुभव आहे. त्यासाठी पाहण्याची एक शिस्त लागते आणि ती कोणालाही शिकता येते. चित्रकाराने आशा कुठे आणि किती ठेवली आहे, हे आधी त्यातली थंडी पूर्ण पाहून घेतल्याशिवाय कळत नाही. घाईने शोधलेली आशा आपण घरून आणलेली असते. पुढच्या सर्व पायऱ्या या एका समजुतीवर उभ्या आहेत.

उदाहरणासाठी मुख्यतः एकच चित्र घेऊ: जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिख याने १८११ मध्ये रंगवलेले ‘हिवाळी निसर्गदृश्य’.

चित्र मिळवणे आणि जागा ठरवणे

हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गॅलरीने ते १९८७ मध्ये संग्रहात घेतले. तिच्या संकेतस्थळावर ते मोठे करून पाहता येते. मूळ तैलचित्र जेमतेम ३३ सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे, आणि हे आपल्या सोयीचे आहे, कारण ए-थ्री कागदावर काढलेली रंगीत प्रत जवळजवळ मूळ आकाराचीच होते. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली अशा कोणत्याही गावातल्या डीटीपीच्या दुकानात ती काढून मिळते. कागद मॅट घ्यावा. चकचकीत फोटो पेपरवर खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि राखाडी छटा त्यात हरवतात. दुकानदाराला प्रत उजळू नका, असे आवर्जून सांगावे. काळपट चित्र दिसले की ते उजळून देणे हा त्याच्या दृष्टीने चांगुलपणा असतो, पण या चित्रातले धुके उजळले की त्यामागचे अर्धे चित्र पुसले जाते.

केवळ मोबाईलवर पाहणे पुरेसे नाही. बोटांनी मोठे करून बारकावे पाहायला तो उत्तम आहे, मात्र पूर्ण चित्र एका नजरेत घेऊन त्यात स्थिर राहण्याची सवय त्यावर लागत नाही. प्रत जाड पुठ्ठ्यावर चिकटवून पडवीत किंवा उत्तरेकडच्या खिडकीजवळ, डोळ्यांच्या उंचीवर उभी करावी. पावसाळ्यात मात्र ती भिंतीला लावून ठेवू नये. आपल्याकडच्या ओलीत कागद महिन्याभरात फुगतो. तैलरंगाचा थर प्रत्यक्षात कसा दिसतो हे अजिबात पाहिलेले नसेल, तर देवरुखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात एकदा जाऊन यावे. तिथे बर्फाची चित्रे शोधायची नाहीत. मूळ चित्राचा पृष्ठभाग आणि छापील प्रत यांतला फरक डोळ्यांत भरून घ्यायचा आहे.

थंडीचा आपला अर्थ बाजूला ठेवणे

कोकणात थंडी ही शुभवार्ता असते. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की हापूसला मोहोर येतो, आणि थंडी उशिरा आली की बागायतदाराच्या कपाळावर आठ्या पडतात. आपल्या मनात थंडीला चुलीची ऊब, दव आणि मोहोराचा वास चिकटलेला असतो. हा अर्थ घेऊन फ्रीडरिखच्या चित्रासमोर बसले तर चित्र गोड होऊन जाते, आणि तिथेच ते हातातून सुटते.

फ्रीडरिखचा जन्म १७७४ मध्ये बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्याजवळच्या ग्राइफ्सवाल्ड या बंदराच्या गावी झाला. तोही किनाऱ्याचाच माणूस, पण त्याच्या किनाऱ्यावर कडक हिवाळ्यात काठालगतचे पाणी गोठते. १७८१ मध्ये त्याची आई गेली. १७८७ मध्ये त्याचा धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. या माणसाने बर्फ रंगवला तेव्हा त्याला शोभा म्हणून पाहणे शक्यच नव्हते. म्हणून चित्रासमोर बसण्यापूर्वी वहीत तीन साधे प्रश्न लिहावेत: या हवेत माणूस रात्रभर बाहेर राहिला तर काय होईल, जवळचे छप्पर किती दूर आहे, आणि त्याला तिथवर चालता येईल का. या प्रश्नांची उत्तरे भावनेत नव्हे, तर व्यवहारात द्यावीत.

पहिली दहा मिनिटे: फक्त वर्णन

घड्याळ लावून दहा मिनिटे चित्रात जे दिसते तेवढेच लिहावे. ‘उदास’, ‘एकाकी’, ‘भीषण’ हे शब्द या टप्प्यात वर्ज्य. ‘खडकाला टेकलेला एक माणूस’, ‘फरची सदाहरित झाडे, त्यांच्यापुढे क्रूस’, ‘मागे धुक्यात एका इमारतीची टोके’ अशा ओळी हव्यात. पहिल्या तीन मिनिटांत सगळे लिहून संपल्यासारखे वाटेल. उरलेली सात मिनिटे कंटाळवाणी जातील आणि खरे काम त्या सात मिनिटांतच होते, कारण दिसणारी ठळक गोष्ट संपल्यावरच डोळा जमिनीकडे, कडांकडे आणि रिकाम्या जागांकडे वळतो.

रंगांसाठी एक उपयुक्त युक्ती आहे. पांढऱ्या पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याला मधोमध एक सेंटिमीटरचे भोक पाडावे आणि तो पुठ्ठा प्रतीवर बर्फाच्या भागात हळूहळू फिरवावा. आजूबाजूचे काही दिसेनासे झाले की ज्याला आपण पांढरा म्हणत होतो तो रंग कुठे करडा, कुठे पिवळसर, कुठे जांभळट निघतो. बर्फावर सावली पडते तिथे थेट ऊन पोहोचत नाही, मात्र आकाशाचा निळा प्रकाश पोहोचत असतो. त्यामुळे उघड्या आकाशाखाली बर्फातली सावली निळसर दिसते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८६८-६९ मध्ये रंगवलेल्या ‘मॅगपाय’ या चित्रात कुंपणाची अशी निळी सावली बर्फभर पसरलेली आहे. १८६९ च्या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने ते चित्र नाकारले; आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. फ्रीडरिखच्या चित्रात असे लख्ख ऊन नाही. त्याने धुके कसे साधले आहे तेही पाहावे: कुंचल्याच्या टोकाने अत्यंत बारीक ठिपके देत देत. मोबाईलवर चित्र मोठे केले तर आकाशातली छटा कुठेही एका फटकाऱ्यात ओढलेली नाही, हे जाणवते.

उजाडपणाची पूर्ण दखल

या टप्प्यासाठी दुसरी प्रत लागेल. त्याच वर्षी, साधारण त्याच आकारात फ्रीडरिखने आणखी एक हिवाळी दृश्य रंगवले. ते जर्मनीतल्या श्वेरीन येथील संग्रहालयात आहे. त्यात दूरवर पसरलेला बर्फ, तोडलेल्या झाडांचे बुंधे, वठलेले ओक वृक्ष आणि कुबड्यांच्या आधाराने उभी असलेली, वाकलेली, अगदी लहान मानवी आकृती आहे. मागे गाव नाही, वाट नाही, दिवा नाही. ही दोन चित्रे जोडीने पाहावीत असे अभ्यासक मानतात, आणि माझ्या मते श्वेरीनच्या चित्राशिवाय लंडनचे चित्र पाहणे म्हणजे प्रश्न न वाचता उत्तर वाचणे आहे.

श्वेरीनच्या चित्रासमोर निदान पंधरा मिनिटे बसावे आणि त्यात आशा शोधू नये. किती बुंधे आहेत ते मोजावे. ते वाऱ्याने पडलेले आहेत की कुऱ्हाडीने तोडलेले, हे कापाच्या सपाटपणावरून ठरवावे. आकृतीपासून क्षितिजापर्यंत नजरेने चालून पाहावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर दिवेआगर-हरिहरेश्वर पट्ट्यातल्या किंवा दापोली-मंडणगडच्या वाड्यांमध्ये ज्यांनी आडव्या झालेल्या माडा-पोफळींमधून वाट काढली, त्यांना हे बुंधे समजावून सांगावे लागणार नाहीत. पोफळ लावली तर तिला धरायला पाच-सहा वर्षे सहज लागतात, नारळाच्या पारंपरिक जातींना त्याहूनही अधिक. वाडी उन्मळून पडलेल्या साठीच्या माणसाला ‘पुन्हा लावा’ असे सांगणे सोपे आहे. पुढचे फळ आपण पाहणार की नाही हा हिशेब त्याच्या मनात चाललेला असतो. श्वेरीनच्या चित्रातली आकृती त्या हिशेबाच्या क्षणी उभी आहे. चित्रकाराने तिला कुठलेही सांत्वन दिलेले नाही, आणि आपणही देऊ नये. नुकसान आहे तेवढे मान्य केल्यावरच पुढची पायरी चढता येते.

बारकाव्यांकडे परतणे

आता पुन्हा लंडनच्या चित्राकडे यावे. सर्वांत आधी बर्फात पडलेल्या कुबड्या शोधाव्यात. त्या माणसाने त्या टाकून दिलेल्या आहेत. कुबड्यांपासून खडकापर्यंतचे अंतर बोटाने मोजावे आणि मग विचारावे की कुबडीशिवाय तो इथवर कसा आला असेल: रांगत, घसटत, की झाडाचा आधार घेत? चित्रात या हालचालीचे चित्रण नाही, तरी दोन वस्तूंमधल्या अंतरात ती संपूर्ण मावलेली आहे. चिवटपणा म्हणजे काय, हे मला या रिकाम्या अंतराइतके स्पष्ट कुठेच दिसलेले नाही. माणूस बरा झालेला नाही. तो उभाही नाही. खडकाला पाठ टेकून त्याने हात जोडले आहेत, एवढेच.

त्यानंतर चित्राच्या खालच्या भागात बर्फाच्या पृष्ठभागाजवळ डोळा न्यावा. तिथे गवताची बारीक पाती बर्फातून वर आलेली दिसतात. छापील प्रत खराब असेल तर ती दिसणार नाहीत. त्यासाठी संकेतस्थळावरची प्रतिमाच पाहावी लागेल. ती हिरवीगार, टवटवीत रंगवलेली नाहीत हे लक्षात घ्यावे. इतकी लहान आहेत की चित्रकाराने ती वगळली असती तरी रचनेचे काही बिघडले नसते. ज्या गोष्टीवाचून रचना अडत नाही ती गोष्ट चित्रकाराने वेळ देऊन काढली असेल, तर ती त्याला सांगायचीच होती असे समजावे. हा नियम पुढे कोणतेही चित्र पाहताना कामी येतो.

क्रूस आणि चर्च यांच्याबाबतीत थोडी सावधगिरी हवी. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे वाटेच्या कडेला क्रूस पाहण्याची सवय अनेकांना आहे, तरीही चित्रातल्या क्रूसाला ‘आशेचे प्रतीक’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह टाळावा. फ्रीडरिख प्रॉटेस्टंट पंथाचा श्रद्धाळू ख्रिस्ती होता, आणि त्याच्या दृष्टीने ही आशा मृत्यूपलीकडच्या जीवनाची होती. वाचक कोणत्याही धर्माचा असो, त्याने ती श्रद्धा स्वीकारण्याची गरज नाही, पण ती चित्रातून पुसून टाकून तिथे आपले सोयीचे ‘सकारात्मक विचार’ बसवणे हा चित्रावर अन्याय आहे. पाहायचे ते असे: धुक्यातल्या चर्चच्या मनोऱ्यांचा आकार आणि पुढच्या फर झाडांच्या शेंड्यांचा आकार एकमेकांशी जुळतो. जवळचे झाड आणि दूरचे मंदिर यांची बाह्यरेषा एकच ठेवून चित्रकाराने हाताशी असलेल्या गोष्टीला दूरच्या गोष्टीची हमी केले आहे. त्या माणसाचे तोंड क्रूसाकडे आहे. त्याला ते चर्च दिसत असेल की नाही, हे प्रत्येकाने चित्र पाहून स्वतः ठरवावे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यामुळे मला चित्र अधिक मोलाचे वाटते.

ऋतूची आशा आणि माणसाची आशा

गवताची पाती आणि कुबड्या यांना एकाच यादीत टाकू नये. हा भेद समजायला आपल्याकडचा सडा, म्हणजे कातळाचे सपाट पठार, फार उपयोगी पडतो. मे महिन्यात राजापूर किंवा देवगडच्या सड्यावर उभे राहिले तर चारी बाजूंना काळा, तापलेला जांभा कातळ असतो आणि तिथे कधी काही उगवत असेल यावर विश्वास बसत नाही. पावसाळा स्थिरावल्यावर त्याच कातळाच्या उथळ मातीत गवत उभे राहते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा यांनी सडा भरून जातो. बिया आणि कंद मे महिन्यातही तिथेच, भेगांत असतात. ही ऋतूची आशा झाली. तिला कोणाच्या धैर्याची गरज नसते, पाऊस आला की ती येते.

कुबड्या टाकणाऱ्या माणसाची आशा मात्र पंचांगात नसते. माणसाच्या दुःखाला ठरलेला जून नसतो, आणि ‘दिवस पालटतात’ हे वाक्य दुःखी माणसाला अनेकदा लागू पडत नाही ते यामुळेच. फ्रीडरिखने दोन्ही आशा एकाच चित्रात ठेवल्या, पण वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या आकाराने. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून एका बाजूला चित्रातल्या आपोआप घडणाऱ्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी केलेल्या गोष्टी लिहाव्यात. मग स्वतःच्या चालू अडचणीसाठी तेच दोन रकाने भरावेत. दुसऱ्या रकान्यात फार काही नसले तरी चालेल. त्या माणसाच्या रकान्यातही एक खडक गाठण्यापलीकडे काही नाही.

गर्दीच्या चित्रावर हीच रीत

एकट्या आकृतीचे चित्र जमू लागले की पीटर ब्रूगेल याचे १५६५ मधले ‘बर्फातले शिकारी’ घ्यावे. ते व्हिएन्नाच्या कलेतिहास संग्रहालयात आहे आणि चांगले मोठे, सुमारे ११७ बाय १६२ सेंटिमीटरचे आहे, त्यामुळे ए-थ्री प्रत इथे पुरत नाही. भाग भाग करून पडद्यावरच पाहावे. १५६४-६५ चा हिवाळा त्या प्रदेशात विलक्षण कडक गेला होता. तीन शिकारी पाठमोरे परतत आहेत आणि सर्वांत मिळून हाती लागला आहे एक किरकोळ कोल्हा. कुत्री मान खाली घालून चालली आहेत. खानावळीची पाटी एका कडीवर लोंबकळते आहे. खाली गिरणीचे चाक गोठलेले आहे.

आता त्याच बर्फावर नजर पुढे न्यावी. ज्या पाण्याने गोठून गिरणी बंद पाडली, त्याच गोठलेल्या पाण्यावर माणसे घसरत खेळत आहेत. एक बाई डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन पूल ओलांडते आहे. दूरच्या एका घराच्या धुराड्याला आग लागली आहे आणि लोक शिडी घेऊन धावले आहेत. एकाही माणसाच्या चेहऱ्यावर आशा रंगवलेली नाही, चेहरे दिसतही नाहीत. इथे धीर आहे तो कामाच्या विभागणीत: कोणी शिकार करतो, कोणी सरपण आणते, कोणी आग विझवतो, मुले खेळतात. वाचनालयात किंवा शाळेत सात-आठ जणांनी मिळून पाहायला हे चित्र सर्वांत योग्य. प्रत्येकाने एकच आकृती निवडून ती या क्षणी काय करते आहे आणि संध्याकाळी काय करील, एवढेच दोन वाक्यांत सांगावे.

मन फार जड असताना

शोकाच्या पहिल्या दिवसांत ही साधना करू नये. करायचीच तर दिवसाउजेडी, वीस मिनिटांहून अधिक नाही आणि शक्यतो कोणाच्या सोबतीने. चित्र हे औषध नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातले लक्ष उडालेले असेल, तर डॉक्टरांकडे जावे, किंवा १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस या सरकारी सेवेला फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते.

शेवटी हाताने काढणे

पाहिलेले हातातून गेले की ते टिकते, त्यामुळे चित्रकला येत नसली तरी ही पायरी गाळू नये. जाड जलरंगाचा कागद, एक काळा आणि एक निळा रंग एवढे पुरते. जलरंगात बर्फ रंगवायचा नसतो. कागद कोरा सोडायचा असतो आणि फक्त आकाश, झाडे, खडक व सावल्या रंगवायच्या असतात. आधी कागदाच्या वरच्या भागावर स्वच्छ पाण्याचा हात फिरवून त्यावर पातळ करडा रंग सोडावा, म्हणजे धुके आपोआप तयार होते. ते अर्धवट ओले असताना दूरच्या मनोऱ्यांची टोके फिक्या रंगात टेकवावीत. पूर्ण वाळल्यावर झाडे, खडक आणि माणूस काढावा. कुबड्यांसाठी दोन रेषा पुरतात, मात्र त्या आणि माणूस यांच्यातली जागा कोरीच राहिली पाहिजे. ती भरायचा मोह होतो, तो आवरावा. गवताची पाती सर्वांत शेवटी, बारीक कुंचल्याने, अगदी कोरड्या कागदावर काढावीत. कागद जरा जरी ओला असेल तर रंग फुटतो आणि पात्यांची झुडपे होतात. पावसाळ्यात कोकणात एक थर वाळायला दोन-दोन तास लागतात, त्यामुळे हे काम जमल्यास नोव्हेंबर ते मे या काळात करावे.